हरणाच्या नावाची आगारी

धुळ्याच्या देवपुरात मी खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलंच नाही. गाव विचारलं. मी म्हणालो, "रावेर." त्यांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रावेरकडे जाणाऱ्या प्रवाशांची खोली जिन्याच्या वर, उजव्या हाताला लागलेली आहे." त्या दिवसापासून मी त्या घरात रावेर झालो. शेजारच्या खोलीतला मुलगा नंदुरबार होता. त्याच्या आधी तिथे कुणी साक्री राहून गेला होता म्हणे.

घरमालकांना सगळे नाना म्हणायचे. नाना जन्मभर बसस्थानकावर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माईकवरून सांगणं, एवढंच त्यांनी उमेदीच्या सगळ्या वर्षांत केलं. गावोगावची माणसं त्यांच्या शब्दावर धावत सुटायची आणि हे आपले त्याच खुर्चीत. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, आवाज काही सुटला नाही. चहा झाला की खालून हाक यायची, "चहा सुटण्याच्या तयारीत आहे." पण बोलता बोलता माणूस एकदम कुठेतरी निघून जायचा. डोळे उघडे, कप हातात, आणि नाना मात्र तिथे नाहीत. त्यांची थोरली बहीण अक्का मग त्यांच्या हातातला कप काढून घ्यायची नि म्हणायची, "गयी यानी गाडी."

अक्का नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आलेली. नानांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. अक्काचं वावर धरणगावच्या बाजूला होतं. ते बटाईने दिलेलं होतं आणि त्यातला नाल्याकाठचा एक पट्टा पडीक होता. हा पट्टा लक्षात ठेवायला हवा, पुढचं सगळं तिथेच घडलं.

पहिल्याच सकाळी मला गच्चीवरून टक टक असा आवाज आला. वाटलं, कुणी फरशी बसवतंय. वर जाऊन पाहतो तर नाना बनियनवर मांडी घालून बसलेले, मांडीवर जुन्या बसच्या सीटचं रेक्झीन, आणि एका गोल गोट्याने दुसऱ्या गारगोटीच्या कडा उडवतायत. भोवती कपच्यांचा सडा. धार आली की म्हशीच्या शिंगाचं टोक कडेवर दाबून बारीक बारीक टवके काढायचे. शेवटी हातात उरायचं ते पिंपळपानासारखं टोकदार दगडाचं पातं. ते त्यांनी उन्हाला धरलं तर कडेतून मधासारखा उजेड आला.

"हे काय, नाना?"

"बाणाचं टोक."

"कशाला?"

"हरणाला," असं ते म्हणाले आणि पुन्हा टक टक सुरू.

मला हसू आलं. कारण हा माणूस अंडंसुद्धा खात नव्हता. डॉक्टरने तपासायला रक्त काढायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून त्यांना जेवण जायचं नाही, आणि सुई टोचली की खुर्चीतच मान टाकायचे. असा हा शिकारी.

हे खूळ शिरलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. निवृत्तीनंतर एकदा तापीकाठी कुणाच्या तरी दशक्रियेला गेले होते. विधी लांबला म्हणून वाळूत बसून राहिले. हाताखाली एक दगड लागला. लहानसा, चपटा, कडेला टवके काढलेला. सहज बोटात धरला तर अंगठा त्यावर नेमका बसला. "कुणीतरी माझ्या अंगठ्याच्या मापाचा करून ठेवला होता रे," ते म्हणायचे. "त्या माणसाला माझं गाव माहीत नव्हतं. मला त्याचं माहीत नाही. पण अंगठा एकच." तो दगड ते खिशात ठेवायचे आणि बोलता बोलता चाचपायचे.

मी त्यांना कायद्याची भीती घालून पाहिली. हरणाला हात लावला तर तुरुंग होईल, नाना. ते म्हणाले, "मला हरीण नको आहे. त्या माणसाला हरणासमोर कसं वाटलं असेल, तेवढंच बघायचं आहे." मग हे बघायला धनुष्य कशाला लागतं, असं मी विचारलं. तर म्हणाले, "रिकाम्या हाताने गेलो तर मी सहलीला आलेला माणूस. हातात बाण असला की हरीणही खरं आणि मीही खरा." हे मला तेव्हा पटलं नाही. अजूनही अर्धंच पटतं.

धनुष्य धामणीच्या लाकडाचं होतं. त्याची दोरी कशाची करावी यावर आमच्याकडे महिनाभर खल चालला. मी केळीच्या मुलखातला, तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो, आमच्याकडचं केळीच्या खोडाचं सोपट आणतो, त्याने आम्ही घड बांधतो, हत्तीनेही तुटणार नाही. आणलं. नानांनी भिजवून, वळून, दोरी चढवली. धुळ्याचं वैशाखाचं ऊन तिने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी नानांनी ओढल्याबरोबर तिचे तुकडे होऊन एक पीळ त्यांच्या नाकावर बसला. अक्का हसून हसून जिन्यावर बसली. "रावेरनी केयी खावाकरता ऱ्हास रे, भो," एवढं म्हणून तिने डोळे पुसले. शेवटी अंबाडीची दोरी झाली. बाणाला घारीची गळलेली पिसं, आणि टोक बसवायला डिंकात राख कालवून केलेला लगदा. लोखंडाचा एक खिळा त्यांनी कुठे लागू दिला नाही.

हे असलं धनुष्य घेऊन ते पहाटेच्या गाडीने धरणगावकडे निघायचे. सुट्टी असली की मी सोबत. पहिल्यांदा कंडक्टरने हटकलं, हे काय घेऊन चाललात? नाना शांतपणे म्हणाले, "धनुकली. कापूस पिंजायची." त्या मुलखात कापूस म्हटला की पुढे कुणी काही विचारत नाही. कंडक्टर उलट म्हणाला, "आता पिंजारी कुठं राहिले, आबा? आमच्या घरच्या गाद्या तशाच पडल्यात." आणि अमळनेरपर्यंत दोघं गाद्यांवर बोलत राहिले. उतरताना नानांनी त्याला कबूल केलं की जमलं तर येईन. मला वाटतं त्या क्षणी त्यांना स्वतःलाही ते पिंजारी असल्यासारखं वाटत होतं.

त्या पहाटा माझ्या अंगात अजून आहेत. थंडीत नाल्याच्या काठावर आम्ही पालथे पडून राहायचो. समोर धुकं, धुक्यात वेचायच्या राहिलेल्या कापसाची पांढरी बोंडं. नाना गावांची नावं पुटपुटत असायचे, पारोळा, एरंडोल, चोपडा, शिरपूर. त्याने श्वास संथ होतो म्हणायचे. मला त्या नावांनी डुलकी लागायची. आणि मग डोळे उघडावेत तर पडीक पट्ट्यात हरणं. कधी आली, कुठून आली, काही कळायचं नाही. धुक्यातून आधी कान, मग माना, मग आख्खी जनावरं. नाना बाण लावायचे, दोरी कानापर्यंत ओढायचे आणि तसेच राहायचे. हात थरथरायला लागला की हळूच दोरी सैल करायचे. हरणं चरून निघून जायची. आम्ही डब्यातल्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी खायचो आणि नाना दिवसभर एखाद्या लग्नाहून आल्यासारखे खुशीत असायचे. मीसुद्धा. त्या वर्षांत मी इतका सुखी होतो, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

एका पौषात मात्र बाण सुटला.

कळपातला काळा नर त्या सकाळी अगदी जवळ आला. इतका, की त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती. नानांनी दोरी ओढली. पुटपुटणं थांबलं. नराने मान वर करून सरळ आमच्याकडे पाहिलं, आणि मी दोरीचा आवाज ऐकला. पुढचं सगळं कमालीचं सावकाश झाल्यासारखं आठवतं. बाण त्याच्या मागच्या मांडीत शिरला. नर हवेत उडाला, खाली आला, आणि सगळा कळप धुक्यात विरला.

नाना उठून उभे राहिले. धनुष्य तिथेच पडलं. "चल," म्हणाले. "आता मागे जावं लागतं."

आम्ही मागे गेलो. रक्ताचे थेंब पडलेले होते, कापसाच्या बोंडांवर ते फार लांबून दिसायचे. पहिला थेंब पाहून नाना कोसळले. मी तोंडावर पाणी मारलं, ते उठले, चालू लागले, पुढच्या थेंबाशी पुन्हा गुडघ्यावर आले. मी म्हणालो, नाना, तुम्ही बसा, मी बघतो. त्यांनी माझा हात झटकला. तूर, हरभरा, मक्याची खोडं, असं करत सूर्य डोक्यावर येईस्तोवर आम्ही चाललो. मग थेंब विरळ झाले. नाल्यापलीकडच्या खडकाळ माळावर ते संपले. तिथे एका बोराटीत बाणाची काडी अडकलेली सापडली. पिसं शाबूत होती, टोकाचा दगड नव्हता. तो आत राहिला होता.

नानांनी ती काडी उराशी धरली आणि लहान मुलासारखे रडले. मला काय करावं कळेना. मी नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला सगळं सांगितलं. चपला काढायच्या आधी, दारातच. अक्काने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुन्हा हातमाइन निसटी गया व्हई बान."

तिने वाट करून दिली होती. मी मनातल्या मनात म्हणालो, नाना, हो म्हणा.

"नही अक्का," नाना म्हणाले. "मीच सोडा."

"मन्हा वावरमा ऊनेलं जनावर. पाव्हनं व्हतं ते." अक्काचा आवाज चढला नाही, त्यानेच मला धडकी भरली. "आते ते जित्तं शे का मरी गयं?"

"माहीत नही."

"मंग जोपावत समजत नही, तोपावत या घरमा खापर चढाव नही."

हे किती मोठं बोलणं होतं ते खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात आणि त्यावर पुरणाचे मांडे भाजतात. अक्काचे मांडे देवपुरात नावाजलेले. कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हातांवर ती मांडा झेलत झेलत असा मोठा करायची की पलीकडचा माणूस दिसावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या मुलखात मांड्यांशिवाय सण नाही. घागर पुजतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने निखाऱ्यावर एकेक घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. आता या घरातलं खापर स्वयंपाकघरात खुंटीला टांगलं गेलं.

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून जंगलखात्याच्या कचेरीत गेले. मला बरोबर नेलं. साहेबांसमोर उभं राहून, जुन्या सवयीने जरा मोठ्याच आवाजात म्हणाले, "मी काळवीट मारलं आहे, किंवा जखमी केलं आहे. मला अटक करा."

साहेब तरुण होते. त्यांनी विचारलं, बंदूक कुठे आहे? नानांनी टेबलावर काडी ठेवली. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"याला टोक कुठाय?"

"हरणात."

"आणि हरीण?"

"तेच तर तुम्ही शोधा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. मला वाटलं होतं ते हसतील. हसले नाहीत. त्यांनी एक गार्ड दिला आणि तो बिचारा आमच्याबरोबर त्या माळावर दिवसभर फिरला. ना हरीण, ना गिधाडं, ना वास. संध्याकाळी तो म्हणाला, "आजोबा, मेलं असतं तर कावळ्यांनी सांगितलं असतं. घरी जा." नानांना यातून काही सुटका मिळाली नाही. कावळ्याची साक्ष त्यांना पुरेना.

त्यानंतर गच्चीवरची टक टक बंद झाली. धनुष्याची दोरी उतरवून त्यांनी ते माळ्यावर ठेवून दिलं. पहाटेची गाडी मात्र चुकली नाही. ते रिकाम्या हाताने जायचे. नाल्याकाठी त्यांनी सिमेंटचं एक टाकं बांधून घेतलं. बटाईदाराला सांगून उन्हाळाभर त्यात पाणी सोडवायचे आणि लांब बसून पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येक हरणाच्या मांडीकडे बघायचे. म्हातारपणी नजर अधू. दोन दोन चष्मे लावून बघायचे.

आखाजी आली. पूर्वजांच्या आगारी टाकून झाल्या, साध्या पोळीच्या घासांनी. नानांच्या हातात एक घास उरला. तो त्यांनी निखाऱ्यावर धरला आणि हात तसाच राहिला. धनुष्य ओढून थांबायचे, अगदी तसाच.

"त्याना नावनी टाकू का, अक्का?"

"जित्ताले आगारी टाकशी? त्यानं आयुष्य कमी व्हई."

"अनि मरी गयं व्हई तर? भूकं ऱ्हाई ते."

दोघं म्हातारे निखाऱ्यांशी बसून राहिले. घास नानांच्या हातातच वाळला. पुढच्या आखाजीला तेच. त्याच्या पुढच्याही. जिवंत असलेल्याला घास टाकून मारायचं, की मेलेल्याला उपाशी ठेवायचं, असा तो पेच होता, आणि त्या घराला तो दर वर्षी नव्याने पडायचा. शहाण्यासुरत्या माणसाने याला वेड म्हणावं. मी त्या घरात राहत होतो, मला नाही म्हणवलं.

मग मी एक उपाय काढला. गच्चीवर पडलेल्या गारगोट्या घेऊन मी दगड घडवायला बसलो, नाना धरणगावला गेलेले बघून. महिनोन् महिने कपच्यांनी बोटं कापून घेतली. शेवटी एक पातं जमलं. ते मी मातीत घोळलं, पाण्यात टाकलं, जुनं केलं आणि एका संध्याकाळी नानांच्या पुढ्यात ठेवलं. "माळावर सापडलं, नाना. जनावर बसतं त्या जागी. अंगातून आपोआप बाहेर पडलं असणार. म्हणजे जगलं."

नानांनी ते उचललं. डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला. एकदा असा, एकदा तसा. मग डोळे उघडले.

"रावेर, तू डावखुरा ना?"

मी डावा हात मागे घेतला.

"टवके सगळे डावीकडून निघालेत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. "पण लेका, धार आली! तुला आली!" मला जवळ ओढून त्यांनी माझी कापलेली बोटं एकेक करून बघितली. अक्का दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारला. "खोटं बोलाकरता यानी दगड घडा, माय वं! इतली मेहनत करी कोनी खोटं बोलस का?" ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. खापर मात्र खुंटीवरच राहिलं. अक्काला खोटं चालत नव्हतं, कितीही कष्टाचं असलं तरी.

नाना गेल्या दिवाळीनंतर गेले. आजारी असे पडले नाहीत. सकाळच्या चहाला कप हातात घेतला, डोळे उघडे, आणि नेहमीसारखे कुठेतरी निघून गेले. अक्काने कप काढून घेतला. त्या दिवशी तिने गाडीचं नाव काढलं नाही.

माझी तोवर जळगावला बदली झाली होती. आखाजीच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. फक्त एवढंच म्हणाली, "ये." मी पहिल्या गाडीने गेलो. बसस्थानकावर माईकवर कुणी मुलगी बोलत होती, तिचा आवाज चांगला होता, तरी मला क्षणभर तिचा राग आला.

दारात पाऊल टाकलं आणि पुरणाचा वास आला. आत चूल पेटलेली आणि चुलीवर पालथं खापर. अक्का थकलेल्या हातांवर मांडा झेलत होती. पूर्वीएवढा मोठा होत नव्हता, मध्येच फाटत होता, तरी झेलत होती. मी बघतच राहिलो. मला वाटलं, काहीतरी कळलं हिला.

"अक्का, हरीण सापडलं?"

"नही."

"मग खापर?"

ती मांडा पलटत राहिली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसासाठी आखाजीला घागरीऐवजी मोठा डेरा पुजतात, डेरगं म्हणतात त्याला. ते कोपऱ्यात मांडलेलं होतं. वर डांगर, दोन आंबे, आणि कडेला नानांचा तो तापीकाठचा दगड. त्याच्याशेजारी माझा डावखुरा.

निखारे फुलल्यावर तिने मला समोर बसवलं. "नानाले पोऱ्या नही. तू टाक, रावेर."

मी मांड्याचा घास तुपात बुडवला आणि नानांच्या नावाने निखाऱ्यावर ठेवला. तो चरचरला, धूर वर गेला, खोलीभर गोड वास झाला. अक्काने आणखी एक घास माझ्या हातावर ठेवला. माझा हात थांबला.

"हा कुणाला, अक्का?"

"नानालेच," ती म्हणाली. "दोन घास दे त्याले. ते हरीन तठे व्हई, तर आतेपावत नानानी त्याले शोधी काढं व्हई. एक त्याले दी, एक सोता खाई." तिने निखाऱ्यावरची राख फुंकली. "अनि तठे नही व्हई, तर दोन्ही तोच खाई. भूकं कोनी ऱ्हाव नही."

मी दुसरा घास निखाऱ्यावर ठेवला आणि कुणाचंच नाव घेतलं नाही.